प्रकल्प नोंदी: पेट्रोल हॅचबॅक अकरा महिने उभी ठेवणे, नागपूर

गाडी: 2016 ची 1.2 लिटर पेट्रोल हॅचबॅक, हाताचा गिअर, केबलचा क्लच, एमएच-31 पासिंग, 61,400 कि.मी. टाकी 42 लिटर, बॅटरी 12 व्होल्ट 35 एएच (अँपिअर-तास). मे 2024 ते एप्रिल 2025 कोणी चालवणार नाही. महिन्यातून एकदा येऊन गाडी पाहणे आमच्याकडे.

11 मे 2024

जागा ठरवली. तीन पाहिल्या.

धरमपेठेतले तळघर फुकट मिळत होते, थंडही होते. नको म्हटले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा त्या पट्ट्यातल्या किती गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी पाहिले आहे. चालती गाडी निदान वर काढायचा प्रयत्न तरी करता येतो. बॅटरी काढून घोड्यांवर (लोखंडी जॅक स्टँडवर) चढवलेली गाडी जागची हलत नाही.

वाडीतला टिनाचा शेड: दुपारी तीनला आत 49 अंश. रबर, बॅटरी, पेट्रोल, तिघांनाही वाईट.

त्रिमूर्तीनगरातले घराखालचे गॅरेज घेतले. वर स्लॅब, जोता रस्त्यापासून दीड फूट उंच, कोटा फरशी, लोखंडी शटर. त्याच वेळी आत 41. शटरच्या खाली 25 मि.मी. फट आहे, म्हणजे घुशीला दरवाजा उघडाच. शटरच्या पट्टीला रबराची झालर आणि झालरीच्या आतून 6 मि.मी. भोकाची गॅल्व्हनाइज्ड जाळी. 6 पेक्षा मोठी जाळी आणू नये, उंदराचे पिल्लू त्यातून सहज आत येते.

13 मे

आर्द्रतामापक दोन दिवस गॅरेजात ठेवला होता. बाहेर 18 टक्के, गॅरेजात 58. मे महिन्यात, नागपुरात, 58!

आधी वाटले मापकच बिघडला. ओल्या मिठाच्या डबीत घालून तपासला: मीठ ओले होईल एवढेच पाणी, घट्ट झाकण, आठ तास. 75 यायला हवेत, 73 आले. म्हणजे मापक ठीक.

कारण सापडले ते झरोक्यात. शेजारच्या खोलीला मोठा कूलर आहे आणि त्या खोलीतली ओली हवा बाहेर पडायला एकच वाट, ती गॅरेजच्या झरोक्यातून. दिवसाचे 60-70 लिटर पाणी पिणारा कूलर ते पाणी हवेतच सोडतो. झरोका पॉलिकार्बोनेटच्या तुकड्याने बंद केला, कडेने सिलिकॉन. खोलीची हवा आता अंगणाकडच्या खिडकीतून जाते. संध्याकाळपर्यंत गॅरेज 31 वर.

उन्हाळ्यात गाडी गंजत नाही असे धरून चालणाऱ्यांनी आधी आपल्या भिंतीपलीकडे कूलर आहे का ते पाहावे.

15 मे

धुणे. नळाच्या पाण्याने, बोअरच्या पाण्याचे खाराचे डाग वाळल्यावर रंगात बसतात.

वरून धुण्यापेक्षा खालून धुण्यात जास्त वेळ गेला. चारही मडगार्डची प्लास्टिक अस्तरे काढली. पुढच्या डाव्या अस्तरामागे काळ्या मातीचा तळहाताएवढा गठ्ठा निघाला, बोटाने दाबला तर मधे अजून ओलसर. शेवटचा पाऊस होऊन महिना झाला होता. ही माती पाणी धरून ठेवते आणि पत्र्याला लावून ठेवते. गंज तिथूनच सुरू होतो. ब्रशने काढून तो भाग वाळल्यावर पत्र्याच्या जोडांवर मेणाचा अँटी-रस्ट फवारा. दारांच्या खालची पाणी जायची भोके तारेने मोकळी केली, प्रत्येक दाराला तीन. काचेखालच्या जाळीतला कडुनिंबाचा पाला हाताने काढला.

आतून व्हॅक्यूम दोनदा. सीटच्या रुळांखाली फुटाणे आणि चिवडा. एक दाणाही राहता कामा नये, उंदराला तेवढे आमंत्रण पुरते. मॅट काढून घरात नेल्या. दारांच्या बीडिंगला सिलिकॉन ग्रीस, फडक्याने पातळ. रंगावर मेणाचा एक हात.

धुतल्यावर 25 कि.मी. चालवली. ब्रेक आणि बेअरिंगभोवतीचे पाणी उभ्या उभ्या वाळत नाही.

18 मे

तेल बदलले. "उठवताना, म्हणजे गाडी पुन्हा वापरात आणताना, बदलू" हा सल्ला नेहमी ऐकू येतो. तो उलटा आहे. वापरलेल्या तेलात आम्ल, पाणी आणि थोडे पेट्रोल उतरलेले असते, आणि ते अकरा महिने बेअरिंगला चिकटून बसते. इंजिन गरम असताना तेल सोडले, बोल्टचा वॉशर नवा, फिल्टर नवा. 5डब्ल्यू-30, तीन लिटर ओतून मग डिपस्टिक पाहत वरच्या खुणेपर्यंत.

ब्रेक ऑइल तीन वर्षे जुने, रंग चहासारखा. ते हवेतली ओल शोषते आणि ती ओल पिस्टनच्या भोवती बसते. डॉट 4 दर्जाचे ब्रेक ऑइल कोरे असताना किमान 230 अंशांना उकळते, ओल शोषलेले 155 ला. उकळबिंदू आपल्याला रस्त्यावर लागतो, गंज मात्र उभ्या गाडीतही लागतो. एकेका चाकातून जुने सोडून नवे भरायचा क्रम: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे, म्हणजे मास्टर सिलिंडरपासून लांबचे आधी. काही गाड्यांत पुस्तिकेतला क्रम वेगळा असतो, तो पाळावा. साधारण 650 मि.ली. लागले. नवा, त्याच दिवशी उघडलेला डबाच वापरायचा. उरलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नये.

कूलंट पंधरा महिन्यांपूर्वीचे, 50-50 चे. ठेवले. इथे पाणी गोठायची भीती नाही, पण साधे पाणी भरून ठेवलेले रेडिएटर आतून लाल होते. कूलंटमधली गंजरोधक द्रव्ये त्याचसाठी हवी.

19 मे

बॅटरी काढायच्या आधी गाडी बंद असताना किती करंट खाते ते मोजले. बॅटरी काढणारच तर मोजायचे कशाला? कारण उठवल्यावर हाच आकडा लागेल.

मल्टिमीटर 10 अँपिअरवर, निगेटिव्ह केबल आणि बॅटरीच्या टोकामध्ये. दाराचे कुलूप पेचकसाने "बंद" स्थितीत ढकलून ठेवले म्हणजे आतला दिवा विझतो आणि दार उघडे ठेवून फ्यूजपाशी पोचता येते. मीटर लावल्यावर किल्लीला हात लावायचा नाही, मीटरचा फ्यूज जातो. सुरुवातीला 2 अँपिअरच्या वर, मग खाली येत 25 मिनिटांनी 180 मिलिअँपिअरवर थांबला.

180 फार झाले. दिवसाला 4.3 एएच, म्हणजे चार दिवसांत अर्धी बॅटरी. फ्यूज एकेक काढत गेलो. मागाहून बसवलेल्या ट्रॅकरचा काढला तसा आकडा 22 वर आला. 22 हा घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटरचा नेहमीचा खर्च. पण तोही दिवसाला अर्धा एएच, म्हणजे महिन्याभरात अर्धी बॅटरी. "एक महिना तर उभी होती" म्हणत धक्का मारायची वेळ येते ती यामुळे.

22 मे

पेट्रोल. यावर सर्वात जास्त चुकीचे सांगितले जाते, म्हणून जरा सविस्तर.

टाकी भरून ठेवावी, हे बरोबर. कारण मात्र बहुतेक जण चुकीचे देतात: रिकाम्या जागेतल्या हवेतली वाफ थंड होऊन पाणी साचते म्हणून. हिशेब करून पाहावा. 30 अंशांच्या पूर्ण दमट हवेत घनमीटरला साधारण 30 ग्रॅम पाणी मावते. 40 लिटर रिकामी जागा म्हणजे सव्वा ग्रॅमही नाही, आणि टाकी रोज त्यातली थोडीच हवा आत-बाहेर करते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल, अगदी 10 टक्क्यांचे धरले तरी, सुमारे अर्धा टक्का पाणी विरघळवून ठेवते, म्हणजे 40 लिटरमागे 200 मि.ली. त्यापुढे इथेनॉल पाण्याला घेऊन तळाशी वेगळा थर करते आणि तो थर पंपाला नि टाकीला खातो. एवढे पाणी हवेतून येत नाही. ते येते झाकणाच्या फाटक्या रबरातून, झाकणाभोवतीच्या खोलगट जागेची नळी तुंबल्यावर, किंवा पावसाळ्यात पंपावरूनच.

भरून ठेवायची खरी कारणे दोन. हवा कमी तर पेट्रोल सडणे कमी, म्हणजे डिंकासारखा चिकटा कमी. आणि हलके भाग कमी उडतात. ते उडाले की थंड इंजिन पकडत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात दुसरे कारण जास्त भारी.

म्हणून केले ते असे. झाकणाचे रबर नवे, नळी हवा मारून मोकळी. टाकीत अंदाजे 10 लिटर असताना स्टॅबिलायझर 120 मि.ली. (बाटलीवर 10 लिटरला 30 मि.ली. दिले होते, 40 लिटरच्या हिशेबाने), मग वरून पेट्रोल, म्हणजे ढवळले जाते. नंतर ओतलेले तळाशी नीट पोचत नाही. सकाळी सातला भरले, 40 लिटरवर थांबलो. काठोकाठ भरू नये: पेट्रोल दर अंशाला हजारात एक भाग फुगते, सकाळच्या 28 पासून दुपारच्या 44 पर्यंत 40 लिटरचे साधारण 600 मि.ली. वाढतात, आणि ते टाकीची वाफ धरणाऱ्या कोळशाच्या डब्यात शिरले तर कोळसा भिजून डबा वाया जातो.

भरल्यावर वर्धा रोडने 30 कि.मी. फेरी, म्हणजे स्टॅबिलायझर इंजेक्टरपर्यंत गेले. शेवटची 10 मिनिटे एसी बंद आणि पंखा पूर्ण वेगात. एसीची कॉइल ओली ठेवून गाडी बंद केली तर पावसाळ्यानंतर ओल्या पोत्याचा वास येतो आणि तो सुटत नाही.

23 मे

सकाळी स्पार्क प्लग काढले, चारही. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला, ठिणगी देणाऱ्या इग्निशन कॉइलचे सॉकेट सोडले. प्रत्येक सिलिंडरमध्ये सिरिंज आणि बारीक नळीने 5 मि.ली. इंजिन ऑइल, मग भोकांवर फडके धरून पाच सेकंद स्टार्टर. तेल भिंतींना लागले. प्लग हाताने शेवटपर्यंत बसवून मगच पाना. 5 मि.ली. पुरे, जास्त टाकले तर उठवताना तेवढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधून (धूर स्वच्छ करणाऱ्या भागातून) जळत जाईल.

हे केल्यावर गाडी सुरू करायची नाही. उठवेपर्यंत. "आठवड्यातून पाच मिनिटे सुरू करून ठेवा" हा सल्ला जितका पसरला आहे तितकाच घातक आहे. 1 लिटर पेट्रोल जळून जवळपास 1 लिटर पाणी तयार होते. पाच मिनिटे जागेवर चालवली तर 50-60 मि.ली., आणि थंड सायलेन्सर त्यातले बरेचसे आतच धरून ठेवतो. तेलातही ओल उतरते आणि ती उडायला तेल गरम व्हावे लागते, पाच मिनिटांत होत नाही. बॅटरीचेही गणित तोट्याचे: स्टार्टर घेतो ते तेवढ्यात परत मिळत नाही. चालवायचीच असेल तर 20 कि.मी. चालवा, नाहीतर हात लावू नका.

दुपारी घोड्या. 2 टनी, चार. पुढे खालच्या आर्मखाली बॉलजॉइंटजवळ, मागे ॲक्सलच्या आडव्या बीमच्या टोकांखाली. बॉडीच्या कडेखाली लावल्या तर चाके लोंबतात, आर्मचे बुश पिळलेले राहतात, शॉकचा दांडा बाहेर निघून चकाकणाऱ्या भागावर गंज बसतो. चाके जमिनीपासून 2 सें.मी. वर. कोटा फरशी एका बिंदूच्या ओझ्याने तडकते म्हणून प्रत्येक घोडीखाली 18 मि.मी. प्लायचा चौकोन. विटा किंवा सिमेंटचे ठोकळे अजिबात नाहीत. ते न वाकता, न सांगता फुटतात.

टायरमध्ये हवा 40 पीएसआय. हँडब्रेक सोडलेला, ओढून ठेवला तर पावसाळ्यात ब्रेकचा लायनर ड्रमला चिकटतो. गिअर न्यूट्रल.

जाळ्या सहा ठिकाणी: हवेची नळी, सायलेन्सरचे तोंड (आत स्टीलची लोकर, वर जाळी), काचेखालची एसीची हवा, रेडिएटरसमोर, आणि मागच्या बंपरआडच्या दोन झडपा. प्रत्येकीला लाल नाडा आणि तसाच एकेक नाडा स्टिअरिंगला. उठवताना स्टिअरिंगवर जितके नाडे तितक्या जाळ्या हातात आल्या पाहिजेत.

बोनेट दांडीवर उघडे ठेवले. उंदराला अंधार आणि आडोसा हवा, तोच काढून घ्यायचा. डांबर गोळ्या आणि तंबाखूच्या पुड्या ठेवल्या नाहीत, पंधरा दिवसांत वास उडतो. विषाच्या वड्या तर गाडीजवळही नकोत. डॅशबोर्डच्या आत मेलेला उंदीर काढायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. भिंतीच्या कडेला दोन चापाचे पिंजरे.

24 मे

बॅटरी काढली, आधी निगेटिव्ह. त्याच्याही आधी डिकीतला जॅक, हत्यारे आणि स्टेपनी बाहेर, कारण या गाडीच्या डिकीचे कुलूप विजेचे आहे आणि बॅटरी नसताना ते उघडत नाही. हे बॅटरी काढल्यावर आठवले की हसू येत नाही. म्युझिक सिस्टिमचा कोड लिहून घेतला.

बॅटरी घरातल्या खोलीत, 3.5 अँपिअरवर पूर्ण भरली. बारा तास विसावल्यावर 12.68 व्होल्ट. लाकडी फळीवर ठेवली आहे, पण ती फरशीच्या धास्तीने नाही. आजच्या प्लास्टिक डब्याची बॅटरी सिमेंटवर उतरत नाही. उतरते ती गरमीने: दर 10 अंशांना आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट. 12.4 ला आली की पुन्हा भरायची. त्याखाली बरेच दिवस राहिली तर प्लेटवर सल्फेटचे कडक थर बसतात.

वायपरची पाती काढली, दांड्यांच्या टोकांना कापड. गरमीत पात्याचे रबर काचेला चिकटते. काचा 1 सें.मी. खाली, फटीत जाळी. अंगावर जुन्या सुती चादरी. प्लास्टिकचे कव्हर नाही.

विमा वेळेवर भरायचा, पूर्ण पॉलिसी. आग, चोरी, पूर उभ्या गाडीलाही चुकत नाहीत, आणि मुदत संपून 90 दिवस गेले तर नो-क्लेम बोनसही जातो. पीयूसी मधेच संपेल. ती गाडी सुरू न करता निघत नाही, उठवल्यावर.

2 जून

गॅरेज 42, आर्द्रता 29. बॅटरी 12.64.

शहरात सगळीकडे 56 अंशांचीच चर्चा. एका स्वयंचलित केंद्राने 30 मे रोजी दाखवलेला तो आकडा सेन्सरच्या बिघाडाचा निघाला. आमच्या गॅरेजातल्या तापमापकाशेजारी आजपासून दुसरा एक टांगला.

29 जून

पावसाने पकड घेतली. आर्द्रता बाहेर 88, गॅरेजात 76, गाडीत 74. आजपासून काचा पूर्ण बंद, आत 1 किलोच्या दोन सिलिका जेलच्या पिशव्या, पुढच्या सीटखाली ट्रेमध्ये. किंचित उघडी काच आणि आत सिलिका हा सगळ्यात वाईट मार्ग: पिशवी मग गाडी सोडून सगळ्या त्रिमूर्तीनगरची ओल शोषत बसते. तीन तासांनी आत 58.

21 जुलै

वाळवी. आपली उधई.

मागच्या उजव्या घोडीखालच्या प्लायच्या कडेने मातीची पेन्सिलइतकी जाड रेघ वर आली होती. फरशीच्या सांध्यातून निघून थेट प्लायमध्ये. वरचा थर धडधाकट दिसतो. कडेला पेचकस टेकवला तर मुठीपर्यंत आत गेला, खाली नुसता भुगा. त्यावर गाडीचा चौथा हिस्सा उभा होता. तेल गळलेच तर म्हणून इंजिनखाली पसरलेला पुठ्ठाही अर्धा गेला.

चूक आमचीच. मातीला लागून असलेल्या तळमजल्यावर, पावसाळ्यात, लाकूड ठेवायलाच नको होते. त्याच दिवशी फॅब्रिकेशनच्या दुकानातून 200 बाय 200 मि.मी., 8 मि.मी. जाडीच्या चार लोखंडी प्लेट कापून आणल्या. एक कोपरा जॅकने उचल, प्लाय काढ, प्लेट सरकव, घोडी बसव, मग पुढचा कोपरा. गाडीखाली हात एकदाही नाही. फरशीचे सांधे इमिडाक्लोप्रिड 30.5 टक्के, लिटरला 2.1 मि.ली. या मापाने सिरिंजने भरले. लाकडी फळी, पुठ्ठा, वर्तमानपत्र, सगळे गॅरेजबाहेर. तेलाखाली आता पत्र्याची परात.

सिलिका: 1,000 ग्रॅमची पिशवी 1,185. ओव्हनमध्ये 115 अंशांवर तीन तास, परत 1,000.

क्लच उभ्या उभ्या चिकटला नाही ना, ते दोघांनी पाहिले. चौथा गिअर, एकाने क्लच दाबून पुढचे उजवे चाक पट्ट्याने अडवलेले, दुसऱ्याने डावे चाक हाताने फिरवायचे. प्लेट सुटी असेल तर चाक जडपणे का होईना फिरते. फिरले. दर दोन महिन्यांनी करायचे. क्लच काठीने कायमचा दाबून ठेवा असे सांगतात. त्याने केबल ताणते आणि प्रेशर प्लेटची स्प्रिंग महिनोन्‌महिने दबून राहते.

18 ऑगस्ट

सिलिका 1,160, भाजली. बॅटरी 12.41, भरली. गाडीत 57.

एसीच्या पाण्याच्या नळीचे तोंड मातीने बंद. कुंभारीण माशीचे घर. सहा जाळ्या लावल्या आणि बोटभर भोक विसरलो. तार घालून काढले, नायलॉनची जाळी बांधली, सातवा नाडा.

20 ऑक्टोबर

सप्टेंबरची पाळी पोळा-गणपतीच्या गडबडीत हुकली आणि क्लच चिकटला. चौथ्या गिअरमध्ये, क्लच दाबून, चाक हलेना. ओल्या महिन्यांत फ्लायव्हीलवर गंजाची पातळ साय बसते आणि प्लेटचे अस्तर तिला धरते.

जोर लावून चाकाला पाइप अडकवू नये, प्लेटचा मधला भाग वाकतो. क्लच दाबलेला ठेवून चाक पुढे-मागे, पुढे-मागे, छोट्या झटक्यांनी. पाचेक मिनिटांनी "टक्" असा कोरडा आवाज आला आणि सुटली. त्यानंतर तीसेक वेळा क्लच दाबून सोडला, चाक फिरवत.

पाऊस गेला, गॅरेज 49 टक्के. सिलिका काढल्या, काचा पुन्हा 1 सें.मी.

22 डिसेंबर

गॅरेज 19 अंश, 44 टक्के. टायर 40 चे 36. क्लच सुटा. बॅटरी 12.58. पिंजऱ्यात एक चिचुंद्री, सोडून दिली. ती किडे खाते, तारा नाही.

23 फेब्रुवारी 2025

सगळे ठीक. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट सक्तीची झाली आहे, ही 2016 ची. नोंदणी ऑनलाइन करता येते, बसवणे गाडी चालती झाल्यावरच.

19 एप्रिल

उठवणे, पहिला दिवस. आज इंजिन सुरू करायचे नाही.

स्टिअरिंगवर सात नाडे. हातात जाळ्या सहा. सातवी हवेच्या नळीतली: नाडा तुटून फिल्टरच्या डब्याच्या तोंडाशी अडकलेली, बाहेरून दिसतच नव्हती. मोजणी नसती तर तशीच राहिली असती. फिल्टरचा डबा उघडून पाहिला, घरटे नाही, फिल्टर स्वच्छ.

पेट्रोलचा नमुना: रेलपाशी (इंजेक्टरना पेट्रोल वाटणाऱ्या नळीपाशी) नळी सोडून पंप थोडा वेळ चालवून 200 मि.ली. काचेच्या बरणीत. रात्रभर ठेवायचे. इंजिन, ब्रेक, कूलंट पातळ्या जागेवर. टायर 33, नेहमीच्या 30 वर आणले, बाजूंना भेगा नाहीत. बॅटरी भरून 12.66. घोड्या काढल्या.

20 एप्रिल

बरणी सकाळी स्वच्छ, एकच थर, वास पेट्रोलचाच. रंगाच्या डब्यासारखा आंबूस वास असता तर टाकी उपसली असती.

बॅटरी लावली. पंपाचा फ्यूज न लावता स्टार्टर आठ सेकंद, थांबून पुन्हा आठ, तिसऱ्या वेळी ऑइलचा दिवा विझला. तेल वरपर्यंत पोचल्याशिवाय पहिला स्फोट नको. मग फ्यूज, दुसऱ्या प्रयत्नात सुरू. निळा धूर साधारण चार मिनिटे. ते सिलिंडरातले तेल. चार्जिंग 14.2. खाली वाकून सगळ्या नळ्या पाहिल्या, गळती नाही. ट्रॅकरचा फ्यूज अजून बाहेरच. बंद करंट 22, गेल्या मेइतकाच.

गल्लीत पहिले दहा ब्रेक हलक्या पायाने, 20 च्या वेगात. पुढच्या डिस्कवरचा गंज खरखरत निघून गेला. मागचे डावे चाक मात्र प्रत्येक फेऱ्याला एकदा घासायचे. ड्रम उघडला, लायनर जिथे टेकून होता तिथे गंजाची उभी पट्टी. 120 च्या पॉलिश पेपरने घासली, आवाज गेला.

40 कि.मी. झाल्यावर पीयूसी काढली, पास. नंबरप्लेटची 31 मार्चची पहिली मुदत पुढे ढकलली गेली आहे, तारीख घेतली. टाकी पाव होईपर्यंत हेच पेट्रोल, मग ताजे. तेल 500 कि.मी. वर बदलायचे, फिल्टरसकट.